आधी धुऊन आणा

"याला आधी धुऊन आणा."

मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या मिशनच्या शाळेचा हॉल. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीचा गुरुवार. येशूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून दर वर्षी त्या दिवशी शाळेचे सेक्रेटरी साहेब बारा मुलांचे पाय धुतात. बारा खुर्च्या मांडतात. सगळी शाळा बघायला बसते. त्या वर्षी डॉक्टरांच्या मुलाला गोवर निघाला आणि एक खुर्ची रिकामी राहिली. चर्चच्या पाळकांनी मला ओढून तिच्यावर बसवलं.

साहेब एकेक खुर्ची करत माझ्यापर्यंत आले. हातात पितळी तांब्या, खांद्यावर पांढरा टॉवेल. माझे पाय बघितले. थांबले. रागावले नाहीत. नाकही मुरडलं नाही. नुसतं मागं वळून ते वाक्य म्हणाले. एखादं भांडं नीट घासलेलं नाही म्हणून परत पाठवावं, तसं.

हॉल हसला. मागच्या ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत.

आणि मला धुऊन आणायला कोणाला पाठवलं? माझ्याच बापाला. तो शाळेत चपराशी होता. त्यानं मला दंडाला धरून पाण्याच्या टाकीमागं नेलं आणि विटेच्या तुकड्यानं माझ्या टाचा घासल्या. एक टाच फुटली. रक्त आलं. ते त्यानं पाण्यानं घालवलं आणि मला परत नेऊन खुर्चीवर बसवलं. साहेबांनी तांब्यातून चार थेंब सोडले. टॉवेल पायाला लागला नाही.

घरी मी रडायला लागलो तेव्हा बाप म्हणाला, "चूप राय. धुतले ना सायबानं? मंग झालं."

तो मरेपर्यंत आम्ही पुन्हा त्यावर बोललो नाही.

मिशनच्या आवारात दोन वस्त्या आहेत. बंगले आणि लाइन. बंगल्यांत जुनी, शिकलेली ख्रिस्ती घराणी. लाइनीत आम्ही. आमचे आजोबा मांगवाड्यातून इथं आले, बाप्तिस्मा घेतला, नाव बदललं. चर्चमध्ये देव एकच. बाक मात्र ठरलेले. पुढचे बंगल्यांचे, मागचे आमचे. हे कुठं लिहिलेलं नाही. लिहायची कधी गरज पडली नाही.

मी शिकलो. बी.एस्सी., बी.एड. केलं आणि त्याच शाळेत विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो. बावीस वर्षं झाली. थोरले साहेब वारले, त्यांचा मुलगा सेक्रेटरी झाला. आता त्यांना साहेब म्हणतो.

आमच्या शाळेत एक पद्धत आहे. रोजच्या तासाचं टाचण सगळेच शिक्षक लिहितात, कुठल्याही शाळेत लिहितात तसं. आमच्या टाचणवहीत एक रकाना जास्त आहे. वचनाचा. आज जो पाठ घेणार त्याला बायबलमधली कोणती गोष्ट जोडणार, ते तिथं लिहायचं. बाकीचे तो रकाना कसाबसा भरत. मी मनापासून भरायचो. प्रकाशाच्या पाठाला टोपलीखाली झाकलेल्या दिव्याची गोष्ट. बी रुजण्याला पेरणाऱ्याची. क्षारांना मिठाची, जे चव गेल्यावर वाटेवर फेकून देतात. साहेब माझ्या वह्या पाहुण्यांना दाखवत. आमच्या मास्तरांसारखी जोडणी कोणाला जमत नाही म्हणत. मला ते गोड लागायचं. बाप ज्या ऑफिसाबाहेर स्टुलावर बसायचा, त्या ऑफिसात माझी वही टेबलावर होती.

मुलं बहुतेक ख्रिस्ती नव्हतीच. कोळशाच्या खाणीच्या कॉलनीतली, राजूरच्या बाजूच्या वस्त्यांतली, तांड्यावरची. बौद्ध, बंजारा, कोलाम. त्यांच्या आईबापांना कधी विचारलं का, की तुमच्या मुलांना ह्या गोष्टी सांगू का? नाही विचारलं. चांगल्या गोष्टी आहेत, त्यात काय विचारायचं, असं वाटायचं.

आणि चांगल्या गोष्टींचं मी काय केलं, तेही सांगतो.

दहा कुमारींची गोष्ट आहे. पाच जणींच्या दिव्यांत तेल होतं, पाच जणींच्या नव्हतं. नवरदेव आला, दार लागलं, तेल नसलेल्या बाहेर राहिल्या. ही गोष्ट मी प्रयोगवहीला जोडली होती. ज्याच्याकडे वही नाही त्याला मी वर्गाबाहेर काढायचो आणि दार लावून घ्यायचो. हसत म्हणायचो, "दिव्यात तेल नाही ना? मग दार बंद." आतली मुलं हसायची. मी कधी छडी हातात घेतली नाही, याचा मला अभिमान होता.

बाहेर कोण उभं राहायचं? कॉलनीतलं पोर मला एकदाही आठवत नाही.

त्या गुरुवारची बारा मुलंही मीच निवडायचो. बंगल्यांतली, कॉलनीतली, बूट घालणारी. तरीसुद्धा कार्यक्रमाआधी त्यांना टाकीमागं न्यायचो, साबणानं पाय धुऊन द्यायचो, कोरडे करायचो, मग हॉलमध्ये पाठवायचो. साहेब धुतलेले पाय धुवायचे. बापाचं काम मी पदवी घेऊन करत होतो.

यंदा नववीची उजळणी चालली होती. आम्ल आणि आम्लारी. साबण आम्लारीधर्मी असतो, मळ कसा सोडवतो, ते सांगून झालं आणि मी वचनाकडे वळलो. गुरूनं कमरेला टॉवेल गुंडाळला आणि चाकराचं काम केलं. ती गोष्ट मी चांगली सांगतो.

मधल्या बाकावरून वैशाली उभी राहिली. तिचे वडील रेल्वेच्या साइडिंगवर कोळसा भरायला जातात, कंत्राटी. घरही साइडिंगला लागून. मुलगी हुशार, पण वही वेळेवर नाही. दाराबाहेर सगळ्यात जास्त वेळा उभी राहिलेली तीच.

"सर, त्या बारा जनायचे पाय आधी कोनं धुऊन देल्ले होते?"

"आधी म्हणजे?"

"मंग मागच्या साली टाकीमागं तुमी धुऊन देत होते ना. मी पाह्यलं."

वर्ग हसला. बस खाली, मी म्हणालो. ती बसली. तिच्या चेहऱ्यावर टिंगल नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. तास संपल्यावर मी स्टाफरूममध्ये जाऊन बसलो. अडतीस वर्षं जे मी कोणापाशी बोललो नव्हतो, ते ह्या मुलीनं बाकावरून उठून विचारलं होतं. आणि मी तिला बस म्हणालो होतो.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं. खाणीचे एक मोठे अधिकारी पाहुणे येणार होते. फोटोवालाही येणार होता. साहेब म्हणाले, या वर्षी तीन-चार मुलं वस्तीतली घ्या, फोटोत दिसली पाहिजेत. मग मी दाराशी पोचलो तेव्हा म्हणाले, "पाय मात्र नीट करून आणा, मास्तर."

वस्तीतल्या मुलांत मी वैशालीचं नाव घातलं आणि तिच्या घरी गेलो. या खेपेला विचारायचं ठरवलं होतं. पत्र्याचं घर. पत्र्यावर काळी भुकटी, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो तेवढा पुसलेला. तिच्या वडिलांनी मला खाटेवर बसवलं, स्वतः उंबऱ्यावर बसले. मी सगळं सांगितलं.

"सर, आमाले तुमच्या धरमाचं काई करनं नाही. आमचा आमाले हाये."

मी म्हणालो, म्हणूनच विचारायला आलो.

"सायेब सोताच्या हातानं धुनार?"

"हो."

ते बायकोकडे बघून हसले. "आमच्या बापजाद्यायनं लय लोकायचे पाय धुतले. एकखेपी कोनी आमचे धुऊन राह्यलं तं धुऊ द्या."

गुरुवारी सकाळपासून वारा नव्हता. रस्त्यानं कोळशाच्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या. हॉलच्या खिडक्या लावल्या तरी टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर काळं बसत होतं. पोरं दोनदा झटकून आली, पुन्हा बसलं. मी बारा मुलांना टाकीमागं नेलं. नळ सोडला. साबण हातात घेतला. वैशालीनं चपला काढल्या. टाचांना भेगा. भेगांत कोळसा. तो साबणानं निघत नाही. विटेनं निघतो. मला ठाऊक होतं.

मी नळ बंद केला.

कॉलनीतला एक मुलगा म्हणाला, सर, साबण राहिला. मी म्हणालो, राहू दे, आज साहेब धुणार आहेत.

पहिल्या आठ खुर्च्या झाल्या. फोटोवाला पुढं-मागं करत होता. नववी खुर्ची वैशालीची. साहेब थांबले. तिच्या पायांकडे बघितलं, हातातल्या टॉवेलकडे बघितलं, मग माझ्याकडे. माइक चालूच होता.

"मास्तर, हे काय? हिला आधी धुऊन आणा."

तेच शब्द. तोच आवाज. त्यांना ते ठाऊकही नसेल. थोरले साहेब मला जे म्हणाले ते ह्यांच्या घरात कोणाला आठवायचं काय कारण? ते फक्त आमच्या घरात आठवायचं.

हॉल हसायच्या बेतात होता. हसण्याआधी माणसं श्वास घेतात. तो मला ऐकू आला.

"नाही, साहेब."

"काय नाही?"

"मी नाही धुणार. आज हे काम तुमचं आहे."

कोणी हसलं नाही. पाहुणे खाली बघू लागले. साहेबांच्या हातातला तांब्या तिरपा तसाच राहिला आणि पाणी नुसतंच परातीत पडत राहिलं. मी भिंतीला हात लावून उभा होतो. मग वैशाली उठली. चपला हातात घेतल्या.

"राहू द्या सायेब. आमच्या घरी पानी हाये."

आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली. साहेबांनी उरलेल्या तिघांचे पाय धुतले. त्यांनी धुऊ दिले. सगळी मुलं तिच्यामागं उठून गेली, असं काही झालं नाही. शेवटी नेहमीचं गीत झालं. मीही तोंड हलवलं.

सोमवारी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नाहीत. टेबलावर शाळा सोडल्याच्या दाखल्याचा फॉर्म होता. वैशालीचं नाव, जन्मतारीख, सगळं भरलेलं. वर्तणुकीचा रकाना आणि वर्गशिक्षकाची सही, एवढंच बाकी.

"एकच शब्द लिहायचा आहे," ते म्हणाले. "असमाधानकारक."

मी म्हणालो, पालकांच्या अर्जाशिवाय दाखला निघत नाही. ते म्हणाले, अर्ज येईल. मी म्हणालो, वर्तणुकीत असं लिहिलं तर दहावीला तिला कोणती शाळा घेईल? तिचं शिक्षण इथंच थांबेल. ते म्हणाले, हा विचार तुम्ही टाकीमागं नळ बंद करताना करायला हवा होता.

म्हणजे कोणीतरी येऊन सांगितलं होतं.

मग ते उठले आणि कपाट उघडलं. आत माझ्या टाचणवह्या. बावीस वर्षांच्या, ओळीनं लावलेल्या. त्यातली एक काढून त्यांनी मधलं पान उघडलं.

"अक्षर सुंदर आहे तुमचं. प्रत्येक पानावर वचन, खाली तुमची सही. वर्गात कोणकोणत्या धर्माची मुलं होती, ते हजेरीत आहेच." वही मिटली. जागेवर ठेवली. "दिवस कसे आहेत, बघताय ना मास्तर? ह्या वह्या भलत्या लोकांच्या हाती पडल्या तर मला फार वाईट वाटेल."

रकाना त्यांच्या वडिलांनी छापून घेतला होता. पण सही माझी होती.

मी फॉर्म घेतला, विचार करून सांगतो म्हणालो आणि बाहेर आलो. घाबरलो होतो. ते कशाला लपवू.

दोन दिवसांनी शाळेच्या फाटकाशी दोन मोटारसायकली उभ्या राहिल्या. चपराशानं सांगितलं, नववीला विज्ञान कोण शिकवतं असं विचारत होते. दुसरं काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मी स्टाफरूममध्ये शिरलो की बोलणं थांबू लागलं. रविवारी चर्चमध्ये आमच्या मागच्या बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. बंगल्यातल्यांचं सोडा, लाइनीतले सरकून बसले. माझी मुलगी कॉलेजातून आली आणि म्हणाली, पप्पा, एक जण विचारत होता तुम्ही कोणत्या रस्त्यानं घरी येता. त्या दिवसापासून बायको भर दुपारीही कडी लावून बसू लागली.

"एक शब्द तं हाये," ती म्हणाली. "लिहून द्या ना. आपल्यालेबी पोरगी हाये."

तिला मी दोष देत नाही. आठवडाभर मी स्वतःला हेच सांगत होतो. फॉर्म काढायचो, पेन उघडायचो. एकदा तर 'अ' लिहायला हात टेकला होता. हे कबूल केलं पाहिजे.

वैशालीचे वडील मला बसस्टँडवर भेटले. माझीच वाट बघत उभे होते. अंगावर साइडिंगची भुकटी तशीच, कामावरून सरळ आलेले. त्यांनी सांगितलं, घरी दोन जण आले होते. हातात छापील कागद. मास्तर वर्गात तुमच्या पोरीचा धर्म बाटवतो, असं लिहिलेलं. खाली बापाची सही मागत होते.

"मी म्हनलं, इथं पोरीचे पाय धुवाले कोनाचा हात पुढं होत नाही, धरम काय बाटवतीन." ते हसले नाहीत. "तं म्हने, सही करान तं पोरीले शाळेतून काढनार नाही, दाखला निघनार नाही. शाळेतूनच निरोप हाये."

म्हणजे एकाच आठवड्यात दोन कागद फिरत होते. एकावर मी मुलीविरुद्ध सही करून स्वतःला वाचवायचं. दुसऱ्यावर बापानं माझ्याविरुद्ध सही करून मुलीला वाचवायचं. दोघांतला कोणी तरी करेलच, एवढा साहेबांना आमचा अंदाज होता.

"तुम्ही केली सही?" मी विचारलं.

"नाही केली. तुमच्यासाठी नाही, सर. खोटं होतं म्हून." ते माझ्याकडे बघत राहिले. "आता तुमी सांगा. तिच्या दाखल्यावर काय लिहून राह्यले?"

मी त्यांना दाराचं सांगितलं. तुमच्या मुलीला मी किती वेळा बाहेर उभं केलं, आणि वर्गाला काय सांगून हसवलं. तिथंच, बसच्या घरघरीत, लोकांच्या गर्दीत. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"माहीत हाये. घरी येऊन सांगे पोरगी. माफीबिफीचं मंग पाहू. आधी कागदाचं सांगा."

"नाही लिहीत मी."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला म्हणून नव्हे. ऐकलं म्हणून. मग ते निघून गेले.

दोन दिवसांनी तो फॉर्म मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. वर्तणुकीचा रकाना कोरा, सहीची जागा कोरी. सोबत माझा अर्ज. शिक्षण विभागाला लिहिलेला, यवतमाळला जाऊन स्वतः देऊन आलेला, त्याची पोच घेतलेली प्रत. त्यात लिहिलं आहे की वचनाचा रकाना संस्थेनं छापला आणि मी भरला. बावीस वर्षं, पालकांना न विचारता. वही नसलेल्या मुलांना बाहेर काढून दार लावणारा मी. त्याची जी चौकशी व्हायची ती माझी व्हावी. त्याच अर्जात गुरुवारी हॉलमध्ये काय घडलं तेही आहे, तो दाखला सहीसाठी माझ्याकडे का आला तेही, आणि वर्गशिक्षक म्हणून माझं मत आहे की कुमारी वैशालीची वर्तणूक उत्तम आहे.

साहेबांनी दोनदा वाचलं. "तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःला बुडवलंत, मास्तर. मी ह्यात नाही."

"तुम्ही आहात. दुसऱ्या पानावर."

त्यांनी चहा मागवला नाही.

कारणे दाखवा नोटीस दोन दिवसांत आली. निलंबन होईल असं ऑफिसातला बाबू सांगतो. मोटारसायकली अजून येतात. आता फाटकाशी थांबत नाहीत, लाइनीच्या तोंडाशी येऊन थांबतात. इंजिन चालू ठेवतात. बायकोला मी सगळं वाचून दाखवलं. ती उठून कडी लावून आली.

माझा विश्वास गेलेला नाही. तसं कोणी समजू नये, ना बंगल्यांनी, ना मोटारसायकलवाल्यांनी. मी आजही सकाळी गुडघे टेकतो. पण गुडघे टेकणाऱ्या गुरूची गोष्ट मी बावीस वर्षं उभ्यानं सांगितली. दुसऱ्याच्या मुलांना, कोणाला न विचारता, साहेबांना खूश करायला. आता मी त्यांना विज्ञान शिकवतो. वचनाचा रकाना रिकामा सोडतो आणि खाली सही करतो. ज्यांच्याकडे वही नाही, ते आत बसतात.

जूनमध्ये शाळा उघडेल. वैशाली दहावीत याच शाळेत बसेल. तिच्या वडिलांनी अर्ज दिलेला नाही, मी सही केलेली नाही, आणि दोन्ही होणार नाही. तेव्हा मी वर्गात असेन की फाटकाबाहेर, मला माहीत नाही. बाहेर असलो तर रोज हजेरीच्या वेळी बाहेर उभा राहीन. दहावीचा वर्ग रस्त्याच्या बाजूला आहे, नावं ऐकू येतात. ज्या दिवशी तिचं नाव पुकारलं जाणार नाही, त्या दिवशी मी आत जाईन.